रविवारी आलेला बुधवार

मुख्याध्यापक गू यांनी लग्नाची लाल पत्रिका दोन्ही हातांनी घेतली, उघडून वाचली, मनापासून अभिनंदन केलं आणि चष्मा पुसता पुसता ते म्हणाले, “एकच अडचण आहे, रुइझीताई. त्या रविवारी आमच्याकडे बुधवार आहे.”

रुइझीबाईंना वाटलं, शाळा नुकतीच सुरू झाली आहे, माणूस थकला असेल. त्यांनी समजुतीच्या सुरात सांगितलं की रविवार तो रविवारच, त्यांनी स्वतः कॅलेंडरवर पाहिलाय, लाल शाईत छापलाय. गूसाहेबांनी टेबलाच्या काचेखालचा सरकारी आदेश त्यांच्याकडे फिरवला. ऑक्टोबरात राष्ट्रीय दिनाची आठवडाभर सलग सुट्टी. ती सलग व्हावी म्हणून त्याआधीचा रविवार कामाचा. शाळेला तर त्या दिवशी बुधवारचं वेळापत्रक लावायचं होतं. म्हणजे पहिल्या तासाला गणित, दुसऱ्याला भूगोल आणि अकराच्या सुमारास, ज्या वेळेला रुइझीबाईंचा मुलगा बोहल्यावर उभा राहणार होता, त्या वेळेला व्यायाम.

मुलगा, म्हणजे लुआन शाओफेंग, याच शाळेत भूगोल शिकवत होता. त्याची होणारी बायको वेनजिंग गावातल्या सरकारी दवाखान्यात औषधं देण्याच्या खिडकीवर बसायची. म्हणजे नवऱ्याकडचे निम्मे पाहुणे मास्तर आणि नवरीकडचे निम्मे डॉक्टर-नर्सा. आणि गूसाहेब स्वतः लग्नाचे साक्षीदार. व्यासपीठावर उभं राहून दोघांच्या लग्नाचा दाखला वाचून दाखवायचा मान त्यांचा होता.

रुइझीबाई घरी आल्या त्या पायातले जोडेही न काढता भिंतीवरच्या कॅलेंडरसमोर जाऊन उभ्या राहिल्या. पान लालच होतं. त्यात कॅलेंडरवाल्यांचा दोष नव्हता; त्यांनी छपाई उरकली तेव्हा सुट्ट्यांचा आदेश निघायचा होता. तारीख काढून दिली होती गल्लीच्या तोंडाशी बसणाऱ्या म्हाताऱ्या यान यांनी. त्यांच्या पंचांगात कुठल्या दिवशी चूल बसवावी, कुठल्या दिवशी केस कापू नयेत, सगळं होतं. कुठल्या दिवशी कचेऱ्या उघड्या आहेत तेवढं नव्हतं.

त्यांनी मुलाला फोन लावला आणि विचारलं की हे तुला माहीत होतं का. शाओफेंग म्हणाला, होतं की, गेल्या हिवाळ्यापासून. त्याची लग्नाची रजा मंजूर होती, त्यामुळे तो निश्चिंत होता. बाकीच्यांचा विचार आईने केला असेल असं त्याने धरलं होतं.

“तू मुलांना पृथ्वी सूर्याभोवती कशी फिरते ते शिकवतोस ना?” रुइझीबाईंनी विचारलं.

“हो.”

“मग त्यातला एक रविवार गळतोय हे तुझ्या ध्यानात आलं नाही?”

शाओफेंगने यावर बराच विचार केला आणि आपला तास आहे असं सांगून फोन ठेवला.

त्यानंतरच्या दिवसांत रुइझीबाईंनी जे जे शक्य होतं ते सगळं करून पाहिलं. म्हाताऱ्या यानना पुढची तारीख विचारली. ती ऐन थंडीतली निघाली. हॉटेलच्या व्यवस्थापकाला गाठलं. त्याने सांगितलं की राष्ट्रीय दिनाच्या आठवड्यात हॉल दोन दोन लग्नांनी भरलेला आहे, तुम्हाला जिन्यात जागा चालत असेल तर बघतो. एव्हाना वीचॅटवर पाहुण्यांचे निरोप यायला लागले होते. कुणीही येत नाही असं म्हणत नव्हतं. सगळे आनंद कळवत होते, फुलं पाठवत होते आणि खाली बारीक अक्षरांत ‘जमवायचा प्रयत्न करतो’ असं लिहीत होते. रुइझीबाईंनी तीस वर्षं सूतगिरणीत कामगार सांभाळले होते. जमवायचा प्रयत्न करणारा माणूस कधीच उगवत नाही हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

उपाय तसा सगळ्यांना दिसत होता. रुइझीबाईंचा नवरा देशान, जो दिवसाकाठी चार वाक्यं बोलायचा, त्याने त्यातलं एक यासाठी खर्च केलं. “संध्याकाळी करू,” तो म्हणाला. “लोक कामावरून सुटतील आणि येतील.”

रुइझीबाईंनी हातातली भाजी खाली ठेवली. त्यांच्या भागात मुलीचं पहिलं लग्न दुपारी बारा वाजायच्या आत लागतं. सूर्य चढता हवा. उतरत्या उन्हात लग्न लावतात ते बिजवराचं नाहीतर नवरा सोडलेल्या बाईचं, तेही चार टेबलांत, आवाज न करता. संध्याकाळची पत्रिका छापली असती तर गावाने पहिला प्रश्न हाच विचारला असता की मुलीचा आधीचा नवरा कोण. आणि गाव एक वेळ परवडलं. वेनजिंगची आजी तिआनजिनहून खास या लग्नासाठी येणार होती. वयाची ऐंशी उलटलेली, जिभेला धार असलेली, रीतिरिवाजाला पक्की. वेनजिंगच्या वडिलांनी, थानसाहेबांनी, बोलणी झाली तेव्हाच सांगून ठेवलं होतं, “बाकी कशाचं काही नाही. पण आमच्या आईला रीत चुकलेली खपत नाही.” थानसाहेब तरुणपणी नोकरीसाठी या गावात आले ते इथलेच झाले, तरी आईचं नाव निघालं की अजून सावरून बसायचे.

खुद्द वेनजिंगनेही एकदा हा विषय काढला. ती रविवारी जेवायला आली होती. खराखुरा रविवार होता तो. “काकू,” ती चाचरत म्हणाली, “संध्याकाळी केलं तरी आमच्या घरी कुणाची हरकत नाही. उलट आजीला तर…”

पुढचं रुइझीबाईंनी तिला बोलूच दिलं नाही. त्यांचे डोळे भरून आले होते. पोरगी आपल्यासाठी स्वतःच्या नावाला बट्टा लावून घ्यायला तयार झाली, याहून चांगली सून कुठून मिळणार. त्यांनी तिच्या ताटात आणखी सहा मोमो वाढले आणि सांगितलं की मी जिवंत असेपर्यंत तुला उतरत्या उन्हात उभी करणार नाही. वेनजिंगने शाओफेंगकडे पाहिलं. शाओफेंग जेवत होता.

तोडगा शेवटी गूसाहेबांनी काढला. त्या दिवशी शिक्षण खात्याची माणसं तपासणीला येणार होती, कारण अशा उसन्या रविवारी शाळा खरोखर भरतात की फक्त फाटक उघडं ठेवतात याबद्दल खात्याला शंका असते. त्यामुळे कुणालाही सोडता येणार नव्हतं. पण जेवणाची सुट्टी बाराच्या थोडी आधी होते, हॉटेल शाळेपासून दोन चौकांवर आहे, आणि मास्तरांकडे स्कूटर आहेत. “आम्ही घंटा झाली की निघतो,” ते म्हणाले. “तुम्ही नवरा-नवरीला तयार ठेवा. मी दाखला वाचतो, ते तीन वेळा वाकतात, बारा वाजायच्या आत सगळं आटोपतं.”

रुइझीबाई कामाला लागल्या. पहिला प्रश्न वरातीच्या गाड्यांचा. शाओफेंगच्या मित्रांनी आपापल्या काळ्या गाड्या द्यायचं कबूल केलं होतं, पण त्या रविवारी मित्र कामावर आणि गाड्याही कामावर. देशानने पुन्हा एक वाक्य खर्च केलं: त्याच्या जुन्या सोबत्याचं मोटार शिकवायचं विद्यालय होतं. शिकणारे सगळे त्या दिवशी कामावर जाणार, म्हणजे गाड्या आणि गुरुजी दोन्ही रिकामे. सहा पांढऱ्या गाड्या, एकसारख्या. रुइझीबाईंना एकसारख्या हा शब्द आवडला आणि त्यांनी पुढचं विचारलं नाही.

दुसरा प्रश्न रिकाम्या खुर्च्यांचा. आजी येणार आणि अर्धा हॉल ओसाड बघणार, हे रुइझीबाईंना सहन होण्यासारखं नव्हतं. सकाळी कोण मोकळं असतं? पेन्शनवाले. त्यांनी आपलं बागेतलं गायन मंडळ अख्खं बोलावलं, मग लाकडी तलवारींचा व्यायाम करणारा शेजारचा गट, मग त्या गटाचे नवरे. हॉल भरला. त्या दिवशी त्यातल्या कुणाचंच वय पासष्टच्या खाली नव्हतं, आणि व्यवस्थापकाने न विचारता मांसाचे तुकडे बारीक करायला सांगितले.

रविवार उजाडला. गावभर मुलं दप्तरं घेऊन तोंडं पाडून निघालेली, आणि त्यांच्यामधून ती वरात. प्रत्येक गाडीच्या टपावर ‘शिकाऊ’ असं लिहिलेली पाटी होती. ती काढता येत नव्हती म्हणून तिच्याभोवती लाल गुलाबांचा ढीग बांधला होता, आणि त्यामुळे ती अक्षरं चौकट केल्यासारखी जास्तच उठून दिसत होती. गुरुजी माणसं सवयीप्रमाणे चालली. चौक आला की थांबायची, दोन्हीकडे बघायची, मागच्याला हात दाखवायची. रस्ता रिकामा असला तरी त्यांना फरक पडत नव्हता. शाओफेंग नवरीच्या गाडीत पुढे बसला होता. त्याने थोडं जोरात घ्या म्हणून सुचवलं तेव्हा त्याचे गुरुजी म्हणाले, “पट्टा नीट लावा आधी.” नवरीच्या इमारतीखाली सहाच्या सहा गाड्या एका दमात, एका रेषेत, मागे घेत लावण्यात आल्या. ते बघायला वरून लोकांनी खिडक्या उघडल्या. तोवर वरातीला उशीर झाला होता.

हॉटेलच्या दारात रुइझीबाई गडद लाल झग्यात उभ्या होत्या आणि दर मिनिटाला फोन बघत होत्या. वरात आली, पाठोपाठ स्कूटरही आल्या: गूसाहेब पुढे, मागे डोक्यावर हेल्मेट घातलेले मास्तर, एकाच्या गळ्यात अजून शिट्टी. सूत्रसंचालक पान याला सांगून ठेवलं होतं की नेहमीचे विनोद गाळायचे. आयुष्यात पहिल्यांदा त्याने नवरा-नवरीला ते कुठे भेटले हे विचारलं नाही. आकाश-धरतीला नमस्कार झाला. आईवडिलांना झाला. तिसरा, एकमेकांना करायचा, त्याआधी साक्षीदाराने दाखला वाचायचा होता.

गूसाहेबांनी दाखला वाचला. तो दोन ओळींचा होता. मग त्यांनी ध्वनिक्षेपक दुसऱ्या हातात घेतला.

माणूस चांगला, पण बावीस वर्षं मुख्याध्यापक. संसार हीसुद्धा एक शाळा आहे, इथून त्यांनी सुरुवात केली आणि शिस्तीवर आले. शिस्तीवरून स्वच्छतेवर गेले. रुइझीबाईंनी घसा खाकरला, हात हलवला, शेवटी फोनच उंच धरला. गूसाहेबांना वाटलं बाई व्हिडिओ घेताहेत. ते जरा ताठ झाले आणि वाचनाच्या सवयीकडे वळले.

तेव्हा देशान उठला आणि टाळ्या वाजवू लागला. पेन्शनवाल्यांना वाटलं भाषण संपलं. सगळा हॉल कडाडला. तलवारवाल्या गटातल्या दोघी उभ्या राहिल्या. गूसाहेबांनी समाधानाने मान झुकवली, पानने झडप घालून ध्वनिक्षेपक घेतला, नवरा-नवरी एकमेकांसमोर वाकली, आणि ती सरळ होत होती तेवढ्यात रुइझीबाईंच्या फोनने बारा वाजल्याची घंटी दिली.

रुइझीबाई खुर्चीवर बसल्या. त्यांनी अख्खा पेला पाणी पिऊन टाकलं. मास्तर मंडळींनी उभ्या उभ्या मासा आणि लाल रश्श्यातलं मांस खाल्लं, नवरदेवाच्या पाठीवर थापा मारल्या आणि पाचव्या तासाला हजर व्हायला पळाली. भाड्याचा पांढरा झगा दुपारी परत द्यायचा होता, म्हणून वेनजिंग आत कपडे बदलायला गेली. दुपार सरत आली तसे पेन्शनवालेही उरलेलं डब्यांत भरून, एकमेकांना जिन्यावरून सांभाळत घरी गेले.

मग रुइझीबाई दारूचा छोटा पेला घेऊन पहिल्या टेबलाशी गेल्या. आजी तिथे एकट्याच बसल्या होत्या. काळा रेशमी कोट, कानात जेडचे डूल, पुढ्यातलं ताट जसंच्या तसं. सबंध दिवसात त्या कुणालाही टाकून बोलल्या नव्हत्या, आणि रुइझीबाई ते मोठ्या कौतुकाने ध्यानात ठेवत होत्या.

“आजी, तुमच्या पुण्याईने सगळं बाराच्या आत झालं बघा,” त्या म्हणाल्या. “फार ओढाताण झाली. सगळे म्हणत होते, संध्याकाळी करा. मी म्हटलं, मरेन पण थानांच्या मुलीला संध्याकाळी उभी करणार नाही.”

आजींनी मान वर केली.

“म्हणजे संध्याकाळी करता येत होतं?” त्यांनी विचारलं.

“येत होतं हो. पण आपली रीत…”

“तुमची रीत,” आजी म्हणाल्या. “आमच्या तिआनजिनमध्ये पोरीचं पहिलं लग्न दिवे लागल्यावर लागतं. भर दुपारी लग्न लावतात ते दुसरेपणावर दिलेल्या बाईचं. लवकर उरकायचं आणि कुणाला कळू द्यायचं नाही. मी नातीचं लग्न दुपारी बारा वाजता म्हाताऱ्यांच्या गर्दीत लागताना पाहिलं, ड्रायव्हिंग शिकायच्या गाडीतून उतरलेली पाहिली, आणि तोंडातून शब्द काढला नाही. माझा मुलगा म्हणाला, आई, ते त्यांचं घर आहे, त्यांच्या रीतीने होऊ दे.”

रुइझीबाईंच्या हातातला पेला तसाच राहिला. त्यांनी वळून थानसाहेबांकडे पाहिलं. ते पलीकडे उभे राहून पडद्याची झालर निरखत होते. मग त्यांना ते सहा मोमो आठवले आणि वेनजिंगचं अर्धवट राहिलेलं वाक्य.

“पोरीने सांगायचा प्रयत्न केला होता,” त्या हळूच म्हणाल्या.

“तिने मलाही सांगितलं. म्हणाली, काकू रडल्या, मग मला बोलवेना.” आजींनी जेवायच्या काड्या उचलल्या, माशाचा एक तुकडा रुइझीबाईंच्या पुढ्यात ठेवला आणि आवाज खाली आणला. “आता आणखी एक ऐक. तिआनजिनच्या माणसांना निरोप द्यायचं काम माझ्याकडे होतं. दुपारचं लग्न आहे हे सांगायला माझी जीभ रेटेना. मी सगळ्यांना संध्याकाळचं बोलावलंय. तीन टेबलं होतील. कामावरून सुटून आगगाडीत बसले असतील एव्हाना.”

रुइझीबाईंनी पेला एका घोटात संपवला. सूतगिरणीत यंत्र बंद पडलं की त्यांचा चेहरा जसा शांत व्हायचा तसा आता झाला. त्या उठल्या आणि व्यवस्थापकाकडे गेल्या. हॉल संध्याकाळी रिकामाच होता. कामाच्या दिवशी संध्याकाळी कोण लग्न करतं. स्वयंपाक्यांना थांबवून घेतलं. पान कोट काढून जेवत होता, त्याला पुन्हा कोट घालायला लावला आणि सांगितलं की आता विनोद चालतील. पांढरा झगा परत गेला होता, तेव्हा वेनजिंगने आईचा लाल भरतकामाचा अंगरखा घातला आणि केस वर बांधले. शाओफेंगला काय चाललंय ते दोनदा समजावून सांगावं लागलं. समजल्यावर त्याने एवढंच विचारलं की आता पुन्हा तीनदा वाकायचं का.

दिवे लागले तसे तिआनजिनचे पाहुणे आले, मोठ्याने बोलत, एकमेकांच्या टोप्या उडवत. पण ते एकटेच आले नाहीत. ज्या ज्या लोकांनी ‘जमवायचा प्रयत्न करतो’ म्हणून कळवलं होतं, ते सगळे कामावरून सुटून, निदान नवरा-नवरीला तोंड दाखवून यावं म्हणून, आपापले निघाले होते. दवाखान्याची अख्खी दिवसपाळी आली. पोस्टातले आले, शाओफेंगचे मित्र आपल्या काळ्या गाड्या घेऊन आले. मास्तर तर दुसऱ्यांदा आले, आणि या वेळी बसून जेवले. सगळ्यात शेवटी गूसाहेब आले. तपासणी निभावली होती, आणि सकाळी टाळ्यांमुळे राहून गेलेला भाग त्यांना आठवत होता. आजींनी त्यांना आपल्या शेजारी बसवून घेतलं, अख्खं भाषण ऐकून घेतलं आणि मधे एकदाही टोकलं नाही.

हॉल दुपारी कधी नव्हता तसा गजबजला. नवरा-नवरी पुन्हा व्यासपीठावर उभी राहिली. पानने सकाळपासून साठवलेले विनोद सोडले. थानसाहेबांनी अखेर पडद्याची झालर सोडून आईकडे पाहिलं, आणि आई हसते आहे असं दिसल्यावर तेही खुर्चीत रेलून बसले.

तेवढ्यात दारातून गायन मंडळातल्या फू मावशी आत आल्या. त्यांचा चष्मा दुपारी टेबलावर राहिला होता. चष्म्याशिवाय त्यांना फार तर रंग दिसत. त्या हातांनी खुर्च्या चाचपत रुइझीबाईंपर्यंत पोचल्या आणि व्यासपीठाकडे डोळे बारीक करून बघू लागल्या. तिथे लाल अंगरख्यातली कुणी मुलगी वाकत होती.

“संध्याकाळी लग्न,” फू मावशी कुजबुजल्या. “दुसरेपणाची दिसते बिचारी.”

रुइझीबाईंनी आजूबाजूला पाहिलं. आजी ऐकू येण्याच्या अंतरावर बसल्या होत्या.

“दिसतंय खरं,” त्या त्याहूनही हळू आवाजात म्हणाल्या.

“कुणाची ग?”

“असेल कुणाची तरी. हॉल भाड्याने देतात ना, एक गेलं की दुसरं.” रुइझीबाईंनी चष्मा शोधून काढला, पण तो त्यांच्या हातात न देता नीट घडी घालून मावशींच्या पिशवीच्या तळाशी ठेवला, वर मूठभर मिठाई टाकली आणि त्यांना दंडाला धरून दाराकडे वळवलं.

फू मावशी उंबऱ्यात थांबल्या. हॉलमध्ये हशा उसळला होता आणि कुणीतरी गायला लागलं होतं.

“तू मनाला लावून घेऊ नकोस हं, रुइझी,” त्या म्हणाल्या. “पण लग्न असं असावं. सकाळचं तुमचं अगदीच घाईत झालं.”